कॅमिशांची जर्सी

बाबांच्या आठवणीसाठी गाण्यांची संध्याकाळ ठरली, तेव्हा क्लाइव्हने मला दोन गोष्टी सांगितल्या. शेवटचं गाणं मी म्हणायचं, आणि त्याआधी भिंतीवर बाबांचा टीव्हीवरचा जुना तुकडा दाखवायचा.

"सात महिने पत्रं लिहिली, तेव्हा कुठे मिळाला," तो म्हणाला. "तू आधी घरी बघून घे. सगळ्यांसमोर पहिल्यांदा बघितलास तर गाणं राहील बाजूला."

क्लाइव्ह चाळीस वर्षं आमच्या फायली या इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या गावातला गाण्याचा क्लब चालवतो. दर मंगळवारी, पबच्या माडीवर. वाद्य नाही, माइक नाही. पाळी आली की उभं राहायचं, गाणं कुणाकडून घेतलं ते सांगायचं आणि म्हणायचं. नाव न सांगता गाणाऱ्याला कुणी हाकलत नाही. फक्त त्याच्या पालुपदाला कुणी साथ देत नाही.

बाबा टीव्हीवर गायले ते १९७२ साली. मी तीन वर्षांची होते. मला आठवतं ते ऐकलेलंच आहे, पण इतक्या वेळा ऐकलेलं की स्वतःचं वाटावं. आमच्या गल्लीत टीव्ही दोनच घरी होता, तिथे लोक जिन्यावर बसले होते. बेकरीवाल्याने दुकान अर्धा तास बंद ठेवलं. बाबांनी घसा साफ केला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "बघा, मास्तर वर्गात शिरले." बाबा शाळेत भूगोल शिकवायचे.

आणि गोष्टीच्या शेवटी ते नेहमी म्हणायचे, "एडीचं नाव मी घेतलं होतं. त्यांनी कापलं." ऐकणारे चुकचुकायचे. टीव्हीवाले, दुसरं काय करणार.

गाणं एडी कॅमिशचं होतं. सात होड्या मासे धरायला जातात, किनाऱ्यावरची बाई परतणाऱ्या होड्या मोजते. 'सहा आल्या, सातवी येईल, किटली चुलीवर राहू दे.' एडी म्हणजे हेरिंग मासे साफ करणारी बाई, नवरा समुद्रात बुडालेला. एका हिवाळ्यात तिने बाबांना स्वयंपाकघरात बसवून ते शिकवलं. टीव्हीवर जायची वेळ आली तेव्हा तिने नवऱ्याची निळी जर्सी काढून दिली. आमच्याकडे प्रत्येक घराची वीण वेगळी असते. बुडालेला माणूस दूरच्या किनाऱ्याला लागला, तरी जर्सीवरून घर कळतं. दुसऱ्या घराची जर्सी कुणी अंगात घालत नाही. बाबांनी घातली, कारण एडीने दिली.

त्या कार्यक्रमानंतर एडी क्लबात आली नाही. नऊ वर्षांनी ती गेली. तिची मुलगी नोरा दोन गल्ल्या पलीकडे राहते. आम्ही दिसलो की मान हलवायची, बोलायची नाही.

रविवारी दुपारी बाबांच्या टेबलावर मी तो तुकडा पाहिला. चौतीस वर्षांचे बाबा, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. दाट केस. गाणं संपतं, निवेदक जवळ येतो. चांगला माणूस दिसतो, हसरा. विचारतो, "हे तुमच्या घरातलंच गाणं असणार?"

बाबा खाली जर्सीकडे पाहतात. मग म्हणतात, "हो. माझ्या आजोबांचं."

कुठेही कापलेलं नव्हतं. प्रश्न आणि उत्तर यांच्यात कॅमेरासुद्धा हलला नव्हता. मी पाच वेळा पाहिलं. बाबांचे आजोबा लीड्सला शिंपी होते. त्यांनी समुद्र एकदाच पाहिला, चर्चच्या सहलीत, आणि तो त्यांना आवडला नव्हता.

मी क्लाइव्हला फोन केला.

"पाहिलं होतंस ना तू?" मी विचारलं.

"आवाज बंद करून पाहिला असं समज." मग म्हणाला, "अगं, लाइट, कॅमेरे, घाबरला असेल. गाणं दाखवू, बोलणं नको. तेवढं मी कापतो. त्या संध्याकाळी लोक त्याच्यासाठी येणार आहेत, ब्रायनी. न्यायनिवाड्याला नाही."

कापतो, हा शब्द मला नको होता.

जर्सी बाबांच्या कपाटात खालच्या खणात होती, कागदात गुंडाळलेली. ती घेऊन मी नोराकडे गेले. नोरा ऐंशीची आहे. तिने दार उघडलं, माझ्या हातातलं पुडकं पाहिलं, पण घेतलं नाही.

"दुसऱ्याच दिवशी आला होता तुझा बाप ती परत करायला," ती म्हणाली. "आईने दार उघडलं नाही. आम्ही सगळे बेकरीवाल्याच्या घरी बसून बघत होतो ना. आईने तर केस विंचरले होते, जशी तीच दिसणार आहे. अंगावर माझ्या बापाची जर्सी, आणि तोंडात कुठला तरी आजोबा. सगळं गाव आईकडे बघत होतं."

"ते म्हणायचे, टीव्हीवाल्यांनी नाव कापलं."

"ठाऊक आहे काय म्हणायचा ते. गावाला त्याचं गाणं आवडायचं, म्हणून गावाने ऐकून घेतलं. पन्नास वर्षांत त्यांना तसंच आठवायला लागलं."

"गाणं म्हणू नको म्हणालीस तर नाही म्हणणार."

"मी कोण अडवणारी? म्हण. पण आधी सांगायचं असतं ते सांग, पोरी. तुझ्या बापानेच शिकवलं असेल ना तुला."

पुडकं तिने शेवटपर्यंत हातात घेतलं नाही. मी ते परत आणलं.

मंगळवारी माडी भरली. नोरा आली, कोट न काढता दाराशी बसली. मी क्लाइव्हला सांगितलं, "पूर्ण दाखव." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

भिंतीवर बाबा आले तेव्हा माडी हसली, मग हळूहळू पालुपदात शिरली. पुढच्या रांगेतल्या एका बाईने रुमाल काढला. 'किटली चुलीवर राहू दे.' मग निवेदक आला, प्रश्न आला.

"हो. माझ्या आजोबांचं."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "पण हे तर कापलं होतं ना?"

मी उभी राहिले. मला बाबांचा राग आलेला नव्हता, आणि ते जास्त कठीण होतं. ते हवे होते मला तिथे, खुर्चीत, खाली मान घालून का होईना.

"हे गाणं मी माझ्या वडिलांकडून घेतलं," मी म्हणाले. "त्यांनी एडी कॅमिशकडून घेतलं, तिच्या स्वयंपाकघरात. टीव्हीवर त्यांनी तिचं नाव घेतलं नाही. ते कुणी कापलं नव्हतं."

आणि सुरुवात केली. पहिल्या पालुपदाला मी एकटीच होते. दुसऱ्याला क्लाइव्ह आला, बेसूर, नेहमीसारखा. मग आणखी काही जण आले. सगळे नाही. बाबांचे शाळेतले दोन मित्र उठून गेले, जिन्यावर त्यांची पावलं वाजली. नोराचे ओठ शेवटपर्यंत बंद होते.

गर्दी पांगल्यावर मी जर्सीचं पुडकं घेऊन तिच्यापाशी गेले. या वेळी तिने पुडकं घेतलं. मांडीवर उलगडलं, वीण बोटांनी चाचपली, बाह्या उलट्या केल्या. उजव्या कोपरावर थांबली.

"हे रफू आमचं नाही."

मी वाकून पाहिलं. कसरीने खाल्लेल्या जागी जाड टाके होते, लोकर निळी, पण वेगळी निळी. आणखी दोन ठिकाणी तसेच, एकावर एक, वेगवेगळ्या वर्षांचे.

"बाबांनी केलं असणार," मी म्हणाले. "आईला रफू येत नव्हतं."

"त्यालाही येत नव्हतं," नोरा म्हणाली. तिने जर्सीची घडी घातली, रफू आतल्या बाजूला ठेवून, आणि ती पिशवीत टाकली. "उसवून नीट करावं लागेल."

ती कठडा धरून जिना उतरायला लागली. मी तिच्या मागे, तिची पिशवी घेऊन.