साक्षीचा सदरा

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मेळाव्याला जमलेल्या जुन्या कार्यकर्त्यांचे केस गेले, गुडघे कुरकुरू लागले, पण घोषणा तशाच खणखणीत. व्यासपीठावर दोरीला टांगलेला एक पांढरा सदरा.

"हा आपल्या हुतात्म्याचा सदरा!" दादा गरजले. "हात धुवा, शिवा. गद्दाराचा हात लागला की रक्त फुटतं!"

दादा एकेकाळी विद्यार्थी चळवळीचे पुढारी होते, हल्ली तिचे पुजारी.

तीस वर्षांपूर्वी वसतिगृहाचं मागचं फाटक कुणीतरी उघडलं, पोलीस घुसले, एक पोरगा जिवानिशी गेला. दहा वर्षांनी, पहिल्या मेळाव्यात, सदऱ्याने गद्दार दाखवला. त्याचीच लेक आता चळवळीवर माहितीपट करत होती. तिची आई गेली तेव्हा वडिलांचा एकही जुना मित्र दारात आला नव्हता.

वडील म्हणायचे, "घाबरून कुणाजवळ बोललो असेन गं. सदरा उगाच कसा सांगेल?" हे ऐकलं की लेकीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

संकलनाच्या टेबलावर तिला जुन्या चित्रफितीचे दोन तुकडे सापडले. पहिल्यात विशीतले वडील भिंतीवर कोरे कागद चिकटवत होते आणि पहारेकरी हसत होता. कोऱ्या कागदाला मनाई कशी करणार? तो वळताच वडिलांनी धुण्याच्या सोड्याचं पाणी मारलं. लालभडक घोषणा उमटल्या. "जुलाबाच्या गोळ्या स्पिरिटमध्ये विरघळवायच्या," वडील कॅमेऱ्याला सांगत होते. "सुकलं की काही दिसत नाही." मागे बादली धरून उभे होते दादा.

दुसरा तुकडा पहिल्या मेळाव्याचा. दादा सगळ्यांच्या हातांवर जगमधलं पाणी घालत होते. वडिलांची पाळी आली आणि दादा खाली वाकले, टेबलाखालून बाटली काढली आणि तिच्यातलं पाणी त्यांच्या हातांवर घातलं. तिने तो तुकडा सात वेळा पाहिला.

आज सकाळी तिने पाण्याच्या जगमध्ये दोन मुठी धुण्याचा सोडा टाकला होता.

"दादा, सुरुवात तुमच्यापासून. कॅमेरा चालू आहे."

दादांनी ऐटीत हात धुतले, सदऱ्याला लावले. पाची बोटं लाल उमटली.

"फाटक यानंच उघडलं!" कुणीतरी ओरडलं. पहिली चप्पल आली, मग दादांचा चष्मा फुटला.

"शेवट मिळाला," कॅमेरामन पुटपुटला.

तिने मिनिटभर काहीच केलं नाही. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. वडिलांची वीस वर्षं आणि याचं एक मिनिट. स्वस्तात सुटत होता मेला.

"थांबा!" शेवटच्या रांगेतून वडील धडपडत आले. "अगं, हा तर आपल्या पोस्टरचा लाल!"

"बाबा, तेव्हा नाही ओळखलात?"

"घाबरलेला माणूस रंग बघतो का?"

तिने माइक घेतला. "या, सगळ्यांनी हात धुवा आणि शिवा." प्रत्येक हाताने सदरा लाल झाला. "आता सगळेच गद्दार? सदऱ्यावर गोळ्यांचं स्पिरिट, पाण्यात सोडा. ही युक्ती तुम्हीच रात्रंदिवस भिंतींवर केलीत आणि तिलाच फसलात. जुलाबाच्या गोळीला साक्षीला उभं करून माणूस वाळीत टाकलात! फाटक कुणी उघडलं, मला माहीत नाही. या दादांनी उघडलं, असंही सदरा सांगत नाही. शोधायचं तर कागद काढा, माणसांना विचारा, पुरावा मागा. आणि पुरावा नसेल तर 'माहीत नाही' म्हणायला शिका."

सगळे सदऱ्याकडे बघत राहिले. लाल हळूहळू विरून तो पुन्हा पांढरा झाला.

वडील दोन पावलांवर उभे होते. त्यांच्याकडे अजूनही कुणी बघत नव्हतं.