जसा हाय तसा

रोहिणीनं एंटर दाबलं आणि लॅपटॉपनं चौथ्यांदा तेच उत्तर दिलं. जागा शिल्लक नाही.

"मर मग," म्हणत तिनं टेबलावर थाप मारली. थापेसरशी चार्जरची पिन हलली. रोहिणीनं श्वास रोखून ती आत दाबून धरली. बॅटरी कधीच संपली होती. पिन निसटली की यंत्र बंद, आणि एकदा बंद पडलं की परत सुरू व्हायला दहा मिनिटं तरी लागायची, शिवाय नशीबही लागायचं.

दारात रंभाबाई सुपातले तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली.

"हानू नगंस त्याला."

"हानत न्हाई, आये. बोलतीये त्याच्याशी."

"बोलायचं तर नीट बोल. थोरला हाय तुझ्यापरीस."

लॅपटॉप रोहिणीपेक्षा थोरला नव्हता, पण आईशी त्यावरून वाद घालायला आज वेळ नव्हता. सव्वाअकरा वाजून गेले होते. बारा वाजता भुकूमच्या क्षितिजा मॅडम व्हिडिओवर येणार होत्या. तिथल्या एका नव्या सोसायटीच्या ऑफिसात नोंदी करायला मुलगी हवी होती. अकरावीत मास्तरांच्या तोंडावर वही फेकून रोहिणीनं शाळा सोडली, ती सोडलीच. मॅडमना त्याचं काही नव्हतं. टायपिंग बघायचंय, म्हणाल्या, स्क्रीन दिसायला पाहिजे, मोबाइल चालणार नाही.

आणि हे यंत्र व्हिडिओची खिडकी उघडायला तयार नव्हतं. तुमचा ब्राउझर जुना आहे, आधी अपडेट करा. अपडेट करायला गेलं तर जागा नाही. जागा करायची तर काहीतरी पुसायला हवं. आणि पुसायचं म्हटलं की गाडी अडायची ती दारात बसलेल्या बाईपाशी.

लॅपटॉप तिच्या थोरल्या भावाचा, गोरखचा होता. पौडला एका दुकानात तो कम्प्युटर दुरुस्त करायचा. हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीनं भंगारात काढलेला हा डबा त्यानं उचलून आणला आणि त्यात विंडोजच्या जागी लिनक्स घातलं. "फुकाट हाय, आन आपल्या बापाचं हाय," तो म्हणायचा. "कंपनी सांगनार न्हाई काय करायचं ते. आपुन सांगायचं." कंपनी सांगत नव्हती हे खरं, पण यंत्र तरी गोरखचं कुठं ऐकत होतं? आवाज एकाच बाजूनं यायचा. प्रिंटर दिसायचा, पण छापायचा नाही. एकदा अपडेट केलं तर तीन दिवस नुसती काळी स्क्रीन. तीन दिवस गोरख त्याच्यापुढं मांडी घालून, शिव्या घालत, परक्या देशातल्या लोकांना प्रश्न विचारत बसला होता. त्यातल्या एकानं सांगितलं, हे काढून टाक, दुसरं बसव. त्याला गोरखनं मराठीतून उत्तर दिलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ताम्हिणीतून येताना त्याच्या बाइकवर झाड पडलं.

तेव्हापासून रोहिणी हे यंत्र वापरत होती. वापरत होती म्हणजे काय, त्याच्या घरात पाहुण्यासारखी वावरत होती. चालू केलं की आधी त्याचं नाव यायचं. हुकूम लिहायची काळी खिडकी उघडली की प्रत्येक ओळीच्या सुरवातीला गोरख, मग ईमेलमधला तो गरगरीत ए, मग घर. रोहिणीनं काहीही लिहिलं तरी ते त्याच्या नावानं लिहिलं जायचं. वरच्या बाणाची कळ दाबली की आधी दिलेले हुकूम एकेक करून परत यायचे. पहिले काही तिचे, आणि मग, कुठल्या ओळीपासून ते तिला बरोबर ठाऊक होतं, त्याचे. घाईत चुकलेले. एकच शब्द तीनदा तीन तऱ्हांनी लिहिलेला. बोटं अजून कळांवरच असावीत असे. तिथं पोचली की ती हात काढून घ्यायची.

"आये, एक फोल्डर पुसते," ती म्हणाली. "एकच."

"न्हाई."

"त्याच्यात काय हाय ते तुला तरी ठावं हाय का?"

"वचन दिलंय. जसा हाय तसा ठिवायचा."

सुपातले तांदूळ उडाले, पडले.

वचन. रोहिणीच्या कानशिलात काहीतरी तडतडलं. दहाव्याला पौडच्या नदीवर पिंड मांडला आणि कावळा शिवेना. कावळे होते, समोरच्या उंबरावर ओळीनं बसले होते. भटजी म्हणाले, जीव कशात तरी अडकलाय, बोला. मग एकेकानं पुढं होऊन बोलायला सुरवात केली. आईला सांभाळू. कावळा हलला नाही. बाइक विकणार नाही. नाही. कोंडिबाकाका हात जोडून म्हणाला, रोहिणीला शिकवू, लई शिकवू. एका कावळ्यानं पंख साफ केला. दोन तास गेले. ऊन चढलं, पोरं रडायला लागली, माणसं घड्याळं बघायला लागली. शेवटी रंभाबाई उठली, पिंडाजवळ गेली आणि म्हणाली, "गोरख, तुझा कम्प्युटर जसा हाय तसा ठिवीन. कुनाला हात लावू देनार न्हाई." आणि कावळा झपकन खाली आला.

माणसांनी सुस्कारा सोडला. गावात अजून लोक ते सांगतात. सूसला वॉचमन असलेला बाप सुट्टीला आला की आधी लॅपटॉपच्या झाकणाला हात लावून तो कपाळाला लावतो.

रोहिणीनं मात्र आणखी एक गोष्ट पाहिली होती. दोन वर्षं ती तिनं दाताखाली धरून ठेवली होती.

"मंग मी नोकरी करायची न्हाई व्हय?" ती खुर्ची मागं सारून उठली. "हितंच बसू? ह्या डब्याला हळदकुंकू लावीत?"

"नोकरी कर की. दुसऱ्या कुनाचा बग कम्प्युटर."

"पाऊन तासात? कुनाचा? माऊलीच्या रसवंतीत हाय का कम्प्युटर?"

रंभाबाईनं एक खडा उचलून अंगणात फेकला.

"त्याचा जीव परत अडाकला म्हंजी?"

"कशाचा जीव अन् कशाचं काय!" रोहिणीचा आवाज चिरकला. "आये, कावळा तुझ्या वचनाला न्हाई आला. कोंडिबाकाकानं सुकट टाकली पिंडावर. तू बोलत हुतीस तवा, मागनं. मी बघितलंय ह्या डोळ्यांनी. वास बी आला. दहाव्याच्या पिंडावर सुकट! तिला भुलून आला त्यो कावळा."

बोलून झालं तसं तिला वाटलं, आता आई रडेल. किंवा सूप फेकून अंगावर येईल. दोन्हीची तिनं तयारी केली.

रंभाबाईनं सुपातला हात काढला नाही. तांदळावर बोटं तशीच पसरलेली राहिली.

"मीच दिलती त्याला," ती म्हणाली.

"काय?"

"सुकट. सकाळीच पदराला बांधून नेलती. म्हनलं, भावजी, मी उठले की टाका."

बाहेर रस्त्यावरून एक डंपर गेला. खिडकीची काच थरथरली आणि थांबली.

"सकाळीच?"

"मला ठावंच व्हतं, त्यो यायचा न्हाई."

"कावळा?"

रंभाबाईनं मान हलवली. कावळ्यासाठी की गोरखसाठी, ते कळलं नाही.

"चौघांत इच्यारनार, पोराचं काय ऱ्हायलं ते बोल. आईनं बोलायचं असतं. आन मला ठावं न्हवतं, रोहिने. रातभर आठवलं. काय खायचा ते आठवलं, कुटं जायाचा ते आठवलं. त्याला काय पाह्यजे व्हतं, ते मला एक बी आठवंना." तिनं बोटं तांदळात खुपसली. "चोवीस वर्सं माझ्या हातचं जेवला की."

रोहिणी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"मंग कम्प्युटरच का म्हनालीस?"

"तोंडाला आलं ते. सारखा त्याच्यातच तर तोंड घालून बसायचा. वाटलं, आसंल तर ह्याच्यातच आसंल. कुनी हात लावला तर जाईल." तिनं आता प्रथमच यंत्राकडं नीट पाहिलं. "तू दोन वर्सं उघडतीयास. तुला काय घावलं का?"

रोहिणीची नजर तेज, असं सगळं गाव म्हणायचं. ढगात दडलेली घार दिसायची तिला. दोन वर्षांत तिनं ह्या यंत्राला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या, पण त्याचं एकही कपाट उघडून पाहिलं नव्हतं. आता जे पुसायला निघाली होती तेही नाही. सगळ्यांत जास्त जागा ते अडवून बसलंय, एवढं एक तिला ठाऊक होतं.

"पूस," रंभाबाई म्हणाली. सूप बाजूला ठेवून ती गुडघ्यावर हात देत उठली. "पूस जा. तुझं तरी व्हऊ दे. तुला पाह्यजे ते मला दिसतंय तरी."

"आये..."

"पूस म्हनते ना. त्याचं नाव काय हाय? ते पुसायचंय त्याचं."

रोहिणी खाली बसली. हुकूम तिनं मघाशीच लिहून ठेवला होता. गोरखच्या नावापुढं, त्याच्या घराच्या आत. फक्त एंटर दाबायचं राहिलं होतं. आणि हे यंत्र परत विचारत नसे. दुसरी यंत्रं विचारतात, नक्की का, म्हणून. गोरखनं ते विचारणं बंद करून टाकलं होतं, त्याला त्याचा राग यायचा.

"नंतर," ती म्हणाली.

"नंतर का? आता पूस की. बारा वाजतील."

"न्हाई, आये. नावच हाय ते. त्यानं ठिवलंय. 'नंतर'."

रंभाबाई तिच्या खांद्यामागं येऊन उभी राहिली. तिच्या हाताला तांदळाच्या कोंड्याचा वास येत होता. रोहिणीनं मागं जाणारी कळ दाबून धरली आणि लिहिलेला हुकूम एकेक अक्षर करून खाल्ला गेला. मग तिनं दुसरा लिहिला, आत काय आहे ते दाखव म्हणणारा. ओळी भराभर वर पळू लागल्या, थांबेचनात. पंखा घरघरत वेगात फिरू लागला. शेवटी थांबल्या तेव्हा तळाशी, त्यानं नंतरसाठी ठेवलेल्या गोष्टींचा आकडा होता. अकराशे सत्तावीस.

पावणेबाराला फोन वाजला.

"हाय रोहिणी, क्षितिजा बोलतेय. लिंक ओपन झाली का गं? आपण पाच मिनिटं आधीच सुरू करू या का?"

"मॅडम, आज जमनार न्हाई."

"अगं, असं काय करतेस? मी तुझ्यासाठी स्लॉट ठेवलाय. मागे नऊ जणी थांबल्यात."

"त्यांना घ्या मग," रोहिणी म्हणाली. मग तिलाच ते उद्धट वाटलं. "घरी काम निघालंय, मॅडम. लई मोठं हाय."

तिनं फोन पालथा ठेवला. रंभाबाईनं स्टूल ओढून घेतलं आणि बसली. डोक्यावरचा पदर नीट केला, कुणी घरात आल्यासारखा.

रोहिणीनं अगदी वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"इहिरीवरची मोटार, वायरिंग, नवीन."

रंभाबाईनं ते तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. मग मान हलवली.

"हां. पुढं?"

"कोकणचा नकाशा."

"पुढं?"