कार्डाची मागची बाजू

राजेश्रीला आपल्या दिराची, रामप्रसादची, एकच गोष्ट मनापासून आवडायची: तो दुपारचं जेवून दुकानात उशिरा परतायचा. बाकी त्या माणसात आवडण्यासारखं तिला काही सापडलं नव्हतं.

झरीच्या स्टँडसमोर त्यांचं बी-बियाणांचं दुकान. गिऱ्हाईक, माल, कंपनीवाले, सगळं राजेश्री बघायची. नवरा शेताकडं असायचा. रामप्रसाद दुकानात बसायचा, म्हणजे नुसताच बसायचा. परभणीत मोबाइलच्या दुकानाबाहेर टेबल टाकून बसलेल्या एकानं गोड बोलून त्याला क्रेडिट कार्ड काढून दिलं, तेव्हापासून तर त्याचे पाय जमिनीला लागेनात. खिशातून कार्डाचं टोक दिसेल असं ठेवून तो गावभर हिंडे. टपरीवर चहाला कार्ड चालत नाही म्हटल्यावर त्यानं टपरीवाल्यालाच मागासलेला ठरवलं होतं.

"फोनवर कुणी नंबर इचारला तर सांगू नका बरं, भावजी," ती एकदा म्हणाली.

"वैनी, मी काय अंगठाछाप हाय का?"

"अंगठाछाप परवडले. त्यायला नंबर वाचून तरी दाखवता येत न्हाई."

मंगळवारी सकाळी खताच्या थप्पीआड त्याचं "जी सर, जी सर" चाललं होतं. सख्ख्या आईला कधी 'जी' न म्हणणारा माणूस कुणापुढं एवढा वाकतोय, असं तिच्या मनात आलं. पण समोर गिऱ्हाईक होतं. थोड्या वेळानं तो उठून घराकडं गेला.

दुपारी त्याची बायको शालू दुकानात आली. "अक्का, हे जेवले न्हाईत. शेळ्यांच्या गोठ्यात फोन घिऊन बसलेत. घाम फुटलाय नुसता."

शालूला दुकानात बसवून राजेश्री गोठ्यात गेली. रामप्रसाद पेंडीच्या पोत्यावर बसला होता आणि फोनवर आलेला आकडा कुणाला तरी वाचून दाखवायच्या बेतात होता. तिनं फोन ओढून कानाला लावला.

"हां सर, ओटीपी बोलिये," पलीकडून आवाज आला. "उसके बिना पैसा वापस नहीं आएगा."

"पैले तेरे माँ-बाप कू पूछ," राजेश्री म्हणाली, "तेरेपे खर्चा किये सो वापस आया क्या."

फोन कट झाला. तिनं मेसेज उघडले. सव्वाअकराला एक खरेदी, बाराला दुसरी, दीडला तिसरी. सकाळच्या 'सर'नं कार्ड बंद पडेल असं घाबरवून याच्याकडून सगळं काढून घेतलं होतं. आणि हा दुसरा? हा रामप्रसादनं स्वतः शोधला होता. इंटरनेटवर 'कस्टमर केअर' टाकलं आणि वर दिसला तो नंबर फिरवला. एका चोरानं लुटलं म्हणून गडी दुसऱ्या चोराच्या दारात फिर्याद द्यायला गेला होता!

"बँकेचा नंबर कार्डाच्या मागं असतो. आणा इकडं."

कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात होतं आणि मागं रामप्रसादचा स्वतःचाच गॉगल घातलेला फोटो खोचलेला. तिनं दोन बोटांनी, मेलेलं झुरळ उचलावं तसा, तो फोटो काढला. खाली नंबर होता. तिनं तो लावला आणि कार्ड बंद करायला लावलं. बँकेच्या बाईनं सांगितलं, ओटीपी स्वतः दिलाय, पहिल्या दोन रकमा मिळतील असं वाटत नाही. तिसरा माल अजून निघालेला नाही, तो अडवून बघू. मग राजेश्रीनं सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावून फोन दिराच्या हातात दिला. आपण कसे फसलो ते त्याला पहिल्यापासून मोठ्यानं सांगावं लागलं. शेळ्या रवंथ करत ऐकत होत्या.

तक्रार झाल्यावर तिनं विचारलं, "पैला मेसेज आला तवा मी घरापासून तीस पावलांवर दुकानात होते. तवाच सांगितलं असतं तर कार्ड तिथंच बंद झालं असतं. का बोलला न्हाईत?"

रामप्रसादनं वर पाहिलं. "तुमच्या तोंडाला भिऊन."

उत्तर तिच्या जिभेवर आलंच होतं, चांगलं धारदार. पण बाराचा मेसेज हातातल्या फोनवर उघडा होता, आणि ती रक्कम तिच्या तोंडापायी गेली होती. तिनं ते गिळलं. जड गेलं.

संध्याकाळी नेहमीचं गिऱ्हाईक सटवाजी दुकानात आला. बातमी त्याच्या आधी गावभर पोचली होती. "काय म्हनतो तुमचा शिकलेला दीर?" तो दात काढत म्हणाला. रामप्रसाद मान खाली घालून पोत्यावर बसला होता.

"मामा, तुमच्या एटीएमचा पिन काय हाय?" राजेश्रीनं विचारलं.

"ध्यानात ऱ्हातो व्हय माझ्या? म्हनून कार्डावरच लिवलाय की, पेनानं. बघा." त्यानं अभिमानानं कार्ड पुढं केलं.

राजेश्रीनं कपाळाला हात लावला. रामप्रसादनं ते कार्ड घेतलं आणि रॉकेलचा बोळा मारून आकडे पुसून टाकले. सटवाजी ओरडत राहिला. एवढ्या वर्षांत दिराचा हात कामाला आलेला ती पहिल्यांदाच बघत होती.

आठ दिवसांनी तिसरी खरेदी रद्द झाल्याचं कळलं. पहिल्या दोन गेल्या त्या गेल्याच. रामप्रसाद आता अनोळखी नंबर आला की फोन हातात धरून थेट तिच्यापुढं येतो. परवा सासूनं नवीन सिमवरून फोन केला, तेव्हाही आला.

"वैनी, उचलू का?"

"उचला," राजेश्री वर न बघता म्हणते. "पण जी सर म्हनू नका."