इस्तारीचा चष्मा आणि पाहुणी कादंबरी

मी एक जुना चष्मा आहे. माझी उजवी काच तडकलेली होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. कशी तडकली असं कोणी विचारलं की माझी मालकीण सुगंधाबाई म्हणते, "घसरला बिचारा." तिचं मन मोठं. पण मित्रांनो, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मी जळत होतो, म्हणून घसरलो.

माझी काच कुठे घासली, काड्या कोणी वाकवल्या, ते मला आठवत नाही. आठवते ती वडशाच्या बाजारातली चष्मेवाल्याची पेटी. एक दिवस तिथे नदीत मासे धरणारा इस्तारी ढिवर आला. चष्मेवाल्याने त्याच्या हातात सुई-दोरा दिला आणि एकेक चष्मा नाकावर चढवला. तीन चष्म्यांनी दोरा काही सुईत गेला नाही. मला चढवलं आणि पहिल्याच फटक्यात गेला. "हाच दे," इस्तारी म्हणाला. तेव्हापासून मी आरमोरीजवळच्या त्याच्या गावी राहतो.

नऊ वर्षं आम्ही दोघांनी मिळून जाळी सांधली. एकदा तो माझ्यावरच बसला आणि डावी काडी मोडली. दुसरा कोणी असता तर त्याने मला फेकून दिलं असतं. इस्तारीने जाळ्याचा दोरा घेतला, काडीच्या जागी बांधला आणि कानाला अडकवला. तो दोरा मी दागिन्यासारखा मिरवला.

मग एका पौषात तीन दिवसांच्या तापाने इस्तारी गेला. त्याच्या बायकोच्या, सुगंधाबाईच्या, डोळ्यांतून टिपूस आलं नाही. "दगड हाये बाई," असं बायका कुजबुजल्या. तिने मला उचलून आपल्या डोळ्यांवर चढवलं आणि त्याचं अर्धं राहिलेलं जाळं सांधायला बसली.

पुढे आरमोरीच्या शिक्षिका इंदुताई गावात प्रौढांचा वर्ग घेऊ लागल्या. पन्नाशीच्या सुगंधाबाईने माझ्यातूनच अक्षरं ओळखली. कौतुक झालं ते इंदुताईंचं. तेही मी गिळलं.

पण वैशाखात इंदुताईंनी वाचनालयातून ती कादंबरी आणली आणि माझं डोकं फिरलं. लाल कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, मिजास तर विचारू नका. वैरागडच्या किल्ल्यातली राजकन्या आणि शत्रूच्या फौजेतला तरणा सरदार, यांच्या प्रेमाची गोष्ट.

"बाई, पंधरा दिसांनी परत न्या लागते," इंदुताई म्हणाल्या. "अना वाचून झालं का शेवटच्या कोऱ्या पानावर तुमचं मत लिहा. आतापावतर निसते गडीच लिवत आले."

झालं! दुपारी शेजारच्या बायका सपरीत, म्हणजे ओसरीवर, तेंदूपानांचे पुडे बांधायला बसत आणि सुगंधाबाई मोठ्याने वाची. वाचून झालं की कादंबरी धुतलेल्या लुगड्यात गुंडाळून पेटीत जाई. मी मात्र तंबाखूच्या चंचीत. दिसतं कोणामुळे, आणि लाड कोणाचे!

एकदाच माझ्या जिवाला गारवा मिळाला. सरदाराने मोहाच्या फांदीवरून फुलं तोडली आणि राजकन्येच्या वेणीत माळली, असं वाचताच सुगंधाबाई थांबली. शेजारची गिरजा तर हसता हसता पानांवर लवंडली.

"अवं, मोह कोनी तोडते का? तो पहाटे आपसूकच गळते. खालून येचा लागते!"

"अना केसात माळला तं मुंग्या नाई लागनार डोक्याले?" दुसरी म्हणाली.

मी मनात म्हटलं, आता बाई हे पुस्तक मिटणार. पण ती हसून पाणावलेले डोळे पुसत म्हणाली, "थांबा वं, समोर काय होते ते पाहू." आणि पान उलटलं.

वाचनाच्या तेराव्या दिवशी गोष्टीतला सरदार मेला. राजकन्या त्याची ढाल मांडीवर घेऊन बसली. सुगंधाबाई वाचत राहिली आणि माझ्या काचेवर खालून ओल आली. मला खरंच वाटेना. ती रडत होती! नऊ वर्षं ज्याच्या डोळ्यांवर मी बसलो, त्या इस्तारीसाठी एक थेंब नाही, आणि मोह कसा गळतो ते ठाऊक नसलेल्या माणसाने रचलेल्या कागदी सरदारासाठी हा पूर? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घामाने दोरा ढिला झालाच होता. मी धरून ठेवू शकलो असतो. मी सुटलो, आणि पाट्याच्या दगडावर आदळलो.

तिने कादंबरी बाजूला टाकली. मला ओंजळीत घेतलं, काचेवरून बोट फिरवलं, दोरा चाचपला. "माह्या इस्तारीचा चष्मा," एवढंच म्हणाली, आणि मग अशी रडली, अशी रडली, की बायकांच्या हातातली पानं तशीच राहिली. गिरजाने तिची पाठ चोळली. दोन वर्षं अडलेलं पाणी होतं ते. त्याचा बांध एकट्या माझ्या हातून फुटला नसता. तो त्या लाल कादंबरीने आधीच ढिला केला होता. हे कबूल करताना मला आजही जड जातं.

राहिलेली पानं तिने उजवा डोळा मिटून, एका काचेने वाचली. इंदुताई आल्या तेव्हा शेवटच्या पानावर तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरात मत लिहिलेलं होतं. इंदुताईंनी ते मोठ्याने वाचलं:

"लिवनाऱ्यानं मोह पाह्यला नाई. पन मानूस गेल्यावर बाईच्या जिवाचं काय होते, ते त्याले बराबर मालूम हाये. मले माह्या घरचा मानूस आठवला. पुस्तक दुसऱ्या बायाईले बी द्या."

इंदुताईंनी पुस्तक मिटलं. मग मला पाहून म्हणाल्या, "बाई, वडशाहून नवा चष्मा आनून देऊ का?"

"काच तेवढी बदलून आना," सुगंधाबाई म्हणाली. "चष्मा हाच पायजे. दोऱ्याले हात लावू देऊ नका."

कादंबरी गेली. नव्या काचेतून मी आता पुन्हा जाळी पाहतो. कधी कधी वाटतं, ती लाल मिजासखोर पुन्हा यावी.

मित्रांनो, चष्मा पालथा ठेवू नका, तंबाखूत तर मुळीच ठेवू नका. आणि ती कादंबरी पुन्हा गावात आलीच, तर वाचायच्या आधी माझा दोरा घट्ट बांधा. माझा अजून माझ्यावर भरवसा नाही.