आधी पाणी, मग पाकीट

मित्रांनो, मी एक जुना, जाड बुडाचा काचेचा ग्लास आहे. भट्टीतून निघालेली काच सावकाश निववावी लागते. घाई केली तर ताण आतच राहतो; वरून काही दिसत नाही. माझ्या वेळी घाई झाली होती.

पुढे मी एका कारखान्याच्या एचआरच्या खोलीत आलो. तिथल्या मोठ्या बाईंची एक पद्धत होती. कुणाला कामावरून काढायचं असेल, तरच मला भरून टेबलावर ठेवायचं. आधी पाणी, मग पाकीट. "पाणी पिणारा माणूस ओरडत नाही," असं त्या म्हणत. ही गोष्ट कारखानाभर पसरली. दारातूनच मी भरलेला दिसलो की माणसाचे पाय जड होत. पण दारापासून खुर्चीपर्यंतच्या त्या चार पावलांत तो स्वतःला थोडा सावरून घेई.

मग एक नवी मुलगी आली. एचआर शिकलेली. तिचा मामा इथेच फिटर होता. कॉलेजचा अर्ज त्यानेच तिला आणून दिला होता. "मामा, माणसांचं ऐकून घ्यायचं काम आहे हे," असं ती त्याला कौतुकाने सांगे. माझी दहशत तिला बघवेना. कुणी रजेचा अर्ज घेऊन येवो की हरवलेलं ओळखपत्र मागायला, ती प्रत्येकापुढे मला भरून ठेवू लागली. महिन्याभरात माझी भीती मोडली. "ताई, तुमच्या हातचं पाणी गोड लागतं हो!" असं कुणी म्हणालं की मीही सुखावत असे.

एका सकाळी मोठ्या बाई तिला म्हणाल्या, "हुशार आहेस. आता ग्लास बघून कुणाला आधी काही कळतच नाही."

मुलीचा चेहरा उतरला. त्यांनी तिच्यापुढे एक पाकीट सरकवलं. त्यावर मामाचं नाव होतं. "तूच दे. घरचं माणूस आहे, समजून घेईल."

मामा हात पुसत आत आला. "काय भाचीबाई, साहेब झालात म्हणून मामाला हुकूम सोडता होय?" तो ऐसपैस बसला आणि एका दमात त्याने मला रिकामं केलं. "बोल गं. आई बरी आहे ना?"

पाकीट तिच्या मांडीवर होतं. तिने पाण्याचा जग उचलला आणि मला पुन्हा भरलं. माझ्या बुडाशी काहीतरी बारीक तडकलं. ते फक्त मला ऐकू आलं.

मित्रांनो, मी आता फार दिवस टिकणार नाही. म्हणून एकच मागतो. तहानलेल्याला पाणी जरूर द्या. पण वाईट बातमी असेल तर ती आधी सांगा, मग मला पुढे करा.

"घे ना मामा, अजून थोडं," ती म्हणते आहे. आणि तो हसत हसत मला उचलतो आहे.