चौथी बाजू

मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका काढणं हा माझा धंदा, आणि घरच्यांच्या मते स्वभावही. त्यामुळे माझी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक चष्मेवाल्यासारख्या धांदरट माणसाने पकडावी, याचा मला आधी संताप आला. भीती नंतर वाटली.

दर शनिवारी दुपारी आम्ही चौघं दादाच्या बाहेरच्या खोलीत रेकॉर्ड ऐकायला जमायचो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, लिफ्ट दुरुस्त करणारा. चष्मेवाला त्याचा शाळेपासूनचा मित्र. कोपऱ्यावर त्याचं दुकान आहे. खालच्या मजल्यावरचे मास्तर गणित शिकवून निवृत्त झालेले, देवाचं नाव काढलं की अंगावर येणारे. आणि चौथी मी. वहिनी चहा आणून ठेवायची, ‘चालू द्या तुमचं’ म्हणायची आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची.

ऐकायला बरंच काही असायचं, पण वाद घालायला एकच: दोन तबकड्यांची एक जोडतबकडी. मी चौदा वर्षांची असताना दादाने ती भंगारवाल्याकडून उचलून आणली होती. संगीत रॉकचंच, पण नाचायची तीन मिनिटांची गाणी नव्हेत. एकेका बाजूला एकच लांबलचक रचना, ऑर्गन, कोरस, मध्येच ड्रमचा कडकडाट, आणि चारही बाजू मिळून एक गोष्ट. दीपगृहाच्या राखणदाराला एका रात्री झोप लागते, दिवा विझतो, जहाज खडकावर फुटतं. मग तो देवाकडे माफी मागतो.

तबकड्यांना वेष्टन नव्हतं आणि त्यांच्यावर आकड्यांऐवजी चित्रं होती. एकीवर दिवा, तिच्या पाठीला खुर्ची. दुसरीवर पायरी, तिच्या पाठीला लाट. क्रम मी ठरवला: दिवा, खुर्ची, पायरी, लाट. एक बाजू संपली की तबकडी उलटायची, त्यात अक्कल ती काय लागते? मी मोठ्या ऐटीत शाईने एक ते चार आकडे घातले.

त्या क्रमाने गोष्ट अशी व्हायची. दिवा विझतो. राखणदार रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणतो, समोर कुणीच नाही. मग तो प्रार्थना करत एकेक पायरी चढतो. आणि शेवटी लाटेतून आवाज येतो, तुला माफ केलं.

मास्तरांचा आक्षेप ठरलेला असायचा. ‘देवाचा आणि राखणदाराचा आवाज एकच कसा? दुसरा गायक मिळाला नाही यांना?’

‘मास्तर, देव माणसाच्याच गळ्यातून बोलतो,’ चष्मेवाला म्हणायचा.

‘मग तुझ्या गळ्यातून बोलताना त्याला सर्दी होत असणार.’

दुसरा वाद खुर्चीच्या बाजूवरून. तिथे राखणदार विचारतो, ‘काल रात्री तू बोललास, की मीच?’ अजून कुणी बोललेलंच नसताना हा प्रश्न आला कुठून, यावर आम्ही वर्षानुवर्षं अकलेचे तारे तोडले. श्रद्धेला भविष्य आधीच ऐकू येतं, असा माझा सिद्धान्त होता. मागचा संदर्भ नसलेलं वाक्य दिसलं की पानं उलटसुलट लागल्याची शंका घ्यायची, हे मी प्रेसमध्ये नव्या मुलींना शिकवते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

दादा वादात पडत नसे. लाट सुरू झाली की डोळे मिटायचा.

अकरा वर्षांपूर्वी त्याची सात वर्षांची मुलगी तापाने फणफणली होती. तेवढ्यात एका इमारतीत लिफ्ट अडकल्याचा फोन आला. आत तीन माणसं होती. ‘तासाभरात येतो, मग डॉक्टरकडे नेऊ,’ असं वहिनीला सांगून दादा गाडी घेऊन गेला. माणसं पाऊण तासात सुटली. सगळ्यांनी पाठ थोपटली, आणि त्या कौतुकात दादा वॉचमनजवळ दीड तास गप्पा मारत बसला. फोन गाडीतच राहिला होता. तापाने मेंदू गाठला होता; पोर वाचली नाही. थोडं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. थोडं म्हणजे किती, ते दादाने विचारलं नाही.

दीड तासाची गोष्ट त्याने मला एकटीला सांगितली होती. वहिनीशी तो गळका नळ, संपत आलेला गॅस एवढंच बोलायचा. मुलीचं नाव घरात निघत नसे. एकदा मला म्हणाला, ‘लाट ऐकली की पुढचा आठवडा निघतो गं.’ एवढ्याच टेकूवर माणूस उभा होता, आणि टेकूवरचे आकडे माझ्या हातचे.

त्या शनिवारी चष्मेवाला जोडतबकडीची नवी आवृत्ती घेऊन आला, सोबत जाड पुस्तिका. ‘अरे, आपण सगळे बावळट!’ तो दारातूनच ओरडला. जुन्या काळी म्हणे दोन्ही तबकड्या यंत्रावर एकावर एक रचून ठेवत. एक वाजली की दुसरी आपोआप तिच्यावर पडायची, आणि मग दोन्ही एकदमच उलटायच्या. म्हणून पहिलीच्या पाठीला चौथी बाजू छापत. ‘दिवा, पायरी, लाट, आणि शेवट खुर्ची!’

मला तिथल्या तिथे कळलं. आधी माफी, मग सकाळ, रिकामी खुर्ची आणि तो प्रश्न. मास्तरांनाही कळलं. त्यांची इतक्या वर्षांची शंका खरी ठरली होती. पण त्यांनी दादाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

‘छपाईची चूक असेल,’ मी म्हणाले. ‘पुस्तिकांत काय काय छापून येतं ते मला विचारा.’ चूक झाकायची माझी जन्मातली पहिलीच वेळ.

‘छे, आत गायकाची मुलाखतच आहे!’ मी चष्मेवाल्याकडे डोळे वटारले. जगाचे डोळे तपासणाऱ्याला ते दिसले नाहीत.

‘लाव,’ दादा म्हणाला.

‘आज राहू दे ना, दादा.’

‘क्रम तूच लावला होतास ना? मग आता नीट तूच लाव.’ त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं.

दिवा झाला, पायरी झाली. लाट आली तेव्हा दादाने डोळे उघडे ठेवले. मी खुर्चीच्या बाजूवर सुई टेकवली. ऑर्गन नाही, कोरस नाही, नुसता माणूस. लाटेतलीच चाल आणि तोच आवाज. ‘काल रात्री तू बोललास, की मीच?’ मग नुसती खरखर.

‘तरीच,’ दादा म्हणाला. ‘तरीच तो इतक्या पटकन माफ करायचा.’

चष्मेवाल्याच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. ‘अरे, गाणंच आहे ते...’

‘हो, गाणंच,’ म्हणत दादा उठला आणि स्वयंपाकघरात गेला. दार उघडंच राहिलं.

वहिनी दुसऱ्यांदा चहा ठेवत होती.

‘त्या दिवशी ती माणसं पाऊण तासात सुटली होती,’ दादा म्हणाला. ‘नंतर मी नुसता बसून होतो. दीड तास. गप्पा मारत.’

‘माहीत आहे मला. तो वॉचमन भेटायला आला होता, तो रडत सांगून गेला.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘आज सांगाल, उद्या सांगाल म्हणून वाट बघत होते. तुम्ही दर शनिवारी भिंतीपलीकडे माफी मागत बसायचात. मी इथेच होते.’

‘मला माफ कर,’ दादा म्हणाला. एवढा लहान आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

वहिनीने गॅस बंद केला. तिने ओट्यावर दोन्ही हात टेकवले.

‘पहिल्या वर्षी मागितली असतीत तर केलं असतं,’ ती म्हणाली. ‘तेव्हा माझ्याजवळ होती हो माफी. आता कुठून आणू?’