प्रवाळावरची माती

बंदराच्या चढावर माझं चष्म्यांचं दुकान आहे. माझी बायको पोकलेन चालवते आणि धाकटी बहीण समुद्रात बुडी मारून प्रवाळ मोजते. एकीचे मातकट आणि दुसरीचे खारट कपडे एकाच दोरीवर वाळतात. दोघींचं असं गूळपीठ, की माझ्यावर हसायचं असलं की एका सुरात हसतात.

त्या उन्हाळ्यात मात्र बिनसलं.

समुद्र नेहमीपेक्षा जास्त तापला होता. बहीण रोज तोंड पाडून घरी यायची. "दादा, प्रवाळ पांढरे पडतायत."

"मेले?"

"अजून नाही. त्यांच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, तेच त्यांना जेवू घालतं. पाणी तापलं की ते निघून जातं, मग हे उपाशी. पाणी वेळेत निवलं तर शेवाळ परततं, रंगही परततो."

आठवड्याभरात एक जोराची सर येऊन गेली. दुसऱ्या दिवशी बहिणीनं जेवता जेवता हात थांबवला. "वहिनी, तू नव्या रस्त्यासाठी डोंगर कापतेस ना, त्याची माती ओढ्यानं थेट खाली येतेय. उपाशी जिवांच्या अंगावर चिखल बसलाय."

बायको एरवी तिला 'बाळे' म्हणते. 'वन्सं' निघालं की समजावं, पारा चढलाय.

"वन्सं, समुद्रही मीच तापवला का?"

"नाही. उन्हापुढे माझं काही चालत नाही. चिखलापुढे तुझं चालेल, म्हणून बोलले."

चार दिवस दोघींचं बोलणं बंद. "अहो, तुमच्या बहिणीला सांगा, मिठाचा डबा तिच्याच हाताशी आहे," असे निरोप पोचवून मी मेटाकुटीला आलो. शेवटी बहीण मला म्हणाली, "तिला एकदा पाण्यात आण ना. नुसतं बघू दे."

बायको म्हणाली, "चष्मा काढला की मला समोरचा माणूस दिसत नाही, प्रवाळ काय दिसणार!"

आता हे माझ्या धंद्यातलं होतं. बहिणीचा जुना बुडीचा मास्क घेतला, बायकोच्या नंबरच्या दोन काचा कडेनं घासून मापात बसवल्या आणि आतून चिकटवल्या. पाणी शिरतं का बघायला दुकानातच बादलीत डोकं घातलं. बाहेर काढलं तर समोर एक आजोबा हातात मोडकी फ्रेम घेऊन उभे. "घाई नाही," ते म्हणाले, "तुमचं चालू द्या."

रविवारी सकाळी आम्ही तिघं होडीनं गेलो. तोंडात श्वासाची नळी धरून बायको उथळ पाण्यावर पालथी झाली. बहिणीनं तिचा हात घट्ट धरला होता. बराच वेळ मला नुसत्या दोन पाठी दिसत होत्या.

वर आल्यावर बायकोनं होडीची कड धरून मास्क कपाळावर सरकवला. मग म्हणाली, "ते अंगातून काहीतरी चिकट सोडून माती बाहेर ढकलतंय. एवढंसं ते! मी हातानं पाणी हलवलं तर खालचं जिवंत होतं. आणि ती तांबडी माती वरच्या वळणावरची आहे. माझ्याच पोकलेनच्या बकेटमधली. मी ओळखली."

सोमवारी ती थेट साइटच्या इंजिनियरपुढे उभी राहिली. "मला दोन दिवस द्या. उताराच्या पायथ्याशी दोन मोठे खड्डे काढते, वर आडवे चर मारते. माती तिथेच बसेल."

"प्रवाळासाठी काम थांबवू?" तो म्हणाला.

"भिंतीसाठी थांबवा. ही माती अशीच सुटली तर तुमची खालची भिंत पहिल्याच पावसात फुगेल. मग मलाच बोलवाल ती पाडायला."

इंजिनियरनं उताराकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. दोन दिवस मिळाले.

मोठा पाऊस लागला तेव्हा एक खड्डा तुडुंब भरून वाहिला, दुसरा टिकला. ओढ्यातून खाली गेलं ते पाणी गढूळच होतं, पण पूर्वीसारखा रबरबीत चिखल नव्हता. पुढे प्रत्येक सरीनंतर बायको खड्डे उपसायची आणि बहीण छत्री धरून काठावर उभी राहायची. तिथेच कधीतरी 'वन्सं'ची पुन्हा 'बाळे' झाली. नेमकं कधी, ते मला कुणी सांगितलं नाही.

हळूहळू समुद्रही निवला. तीन महिन्यांनी बहीण मोजणी करून आली, ती ओल्या केसांनीच स्वयंपाकघरात शिरली. "वहिनी, ओढ्याच्या तोंडाशी खुणेचे एकशे चाळीस प्रवाळ होते. एकोणनव्वद जगले! फिकट तपकिरी रंग धरतायत."

बायको पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. "म्हणजे एक्कावन्न गेले."

"गेले. पुढचा उन्हाळाही असाच तापला तर आणखी जातील. पण चिखल तसाच येत राहिला असता तर यातले कितीतरी राहिले नसते गं."

बायकोनं पिठाचे हात तसेच ठेवून कोपरानं चष्मा वर सरकवला. "पुढच्या पावसाआधी पलीकडचा उतार कापायचा आहे. तिथे माती भुसभुशीत आहे, दोन खड्डे पुरायचे नाहीत. उद्या माझ्याबरोबर वर ये. पाणी कुठे उतरतं ते तू दाखव, तिसरा कुठे काढायचा ते मी बघते."

"उद्या सकाळी सात वाजता," बहीण म्हणाली आणि तव्यावरची पोळी उलटायला पुढे झाली.